मनातला आकडा आणि राहिलेला हातचा

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. वाटलं, माझ्या पाठीमागे कुणीतरी उभं असेल, तिला सांगत असतील! मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर दंड होता, आणि मराठी हा विषय तिसरी भाषा म्हणून शेवटच्या तासाला यायचा. घरी आई आणि आजी दोघी मराठीच बोलतात, त्यामुळे बोलताना माझं अडत नाही. अडतं ते आकड्यांपाशी.

एकोणसाठ म्हणजे किती? हसू नका. माझ्या डोक्यात अजूनही आधी साठ येतात, मग त्यातून एक जातो, मग कुठे 'फिफ्टी नाइन' उगवतं, आणि तोवर भाजीवाल्या मावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेल्या असतात. बरं, नियम एकच असता तरी पाठ केला असता. पण नव्व्याण्णवला 'एकोणशंभर' म्हणत नाहीत! त्रेपन्न म्हणताना तीन आधी आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी आणि तीन नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असंही वाचायला दिलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. सगळ्यांनी विनोद केले. मंगला नारळीकर मुलांची बाजू घेऊन शांतपणे समजावून सांगत होत्या. मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या घरात त्यांच्या बाजूची मी एकटीच.

तर अशा माझ्यावर यंदाच्या हॉस्टेल डेला दोनशे माणसांसमोर, मराठीतून, आकड्यांचा मनकवडेपणाचा खेळ करायची वेळ आली. त्याची ही हकीकत. त्यात माझा वाटा अर्धाच आहे. उरलेला अर्धा माझ्या रूममेटचा.

आमच्या हॉस्टेलात नावापेक्षा गाव जास्त चालतं. त्यामुळे तिला सगळे 'बार्शी' म्हणतात. जिल्हा परिषदेची शाळा, दहावीला गणितात ९९. तो एक मार्क कुठे गेला, हे ती अजून शोधतेय. मेसचा हिशेब, लाइटचं बिल, वाढदिवसाची वर्गणी, सगळं तोंडी. 'एकोणऐंशी गुणिले सहा' असं कुणी म्हणालं की मी एकोणऐंशीपर्यंत पोचायच्या आत तिचं उत्तर आलेलं असतं. फक्त माइक हातात दिला की ही मुलगी दगड होते. त्याला कारण आहे, आणि ते कारण आकड्यांचंच आहे.

गेल्या वर्षीच्या हॉस्टेल डेला फायनल इयरच्या एका ताईनं असाच खेळ केला होता. तुमच्यातल्या पुष्कळांना तो माहीत असेल. तीन अंकी संख्या मनात धरायची. पहिला आणि शेवटचा अंक यांच्यात निदान दोनचा फरक हवा. संख्या उलटी लिहायची, मोठीतून लहान वजा करायची. येईल ते उत्तर पुन्हा उलटं करायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. ७३२ धरले तर ७३२ वजा २३७ म्हणजे ४९५, उलटे ५९४, बेरीज १०८९. कुठलीही संख्या घ्या, १०८९च येतात. ताईनं डिक्शनरी आणली होती. १०८ व्या पानावरचा नववा शब्द तिनं आधीच पाकिटात लिहून ठेवलेला. खेळ छान बसवला होता, त्यात काही वाद नाही.

स्टेजवर बोलावलं ते बार्शीला. ती तेव्हा सेकंड इयरला होती, मी शेजारच्या विंगमध्ये, आमची फक्त तोंडओळख. तिनं ६१४ धरले. ६१४ वजा ४१६. आता शांतपणे टेबलाशी बसून कुणीही सांगेल, १९८. पण समोर हॉल भरलेला, कुणीतरी शिट्टी मारतंय, ताई म्हणतेय, 'लवकर लवकर!' चारातून सहा जात नाहीत, हातचा घ्यायचा, ते राहिलं. सहातून चार गेले दोन, एकातून एक शून्य, सहातून चार दोन. २०२. उलटे केले तरी २०२. बेरीज ४०४. ताई पाकीट हातात धरून उभी आणि ही माइकवर म्हणाली, 'चारशे चार.'

सेकंदभर शांतता. मग ताईनंच कागद बघितला आणि माइकमध्ये म्हणाली, 'अगं, तुला वजाबाकी येत नाही? ॲडमिशन कशी मिळाली तुला?' हॉल फुटला. ताई काही वाईट मुलगी नव्हे. तिचा खेळ डोळ्यांदेखत पडत होता आणि तो वाचवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. पण पुढचे दोन महिने मेसच्या रांगेत बार्शीला 'चारशे चार' म्हणत होते. इंटरनेटवर पान सापडलं नाही की हाच आकडा येतो, त्यामुळे विनोद आणखीच जमला. तेव्हापासून ती ग्रुप डिस्कशनला शेवटच्या बाकावर, सेमिनारला शेवटच्या दिवशी, आणि व्हायव्हाला तर दोन वाक्यांच्या वर नाही. यंदा आम्ही थर्ड इयरला. पुढच्या वर्षी कँपस. तिथे शेवटचा बाक नसतो.

यंदा आमच्या मजल्याच्या वाट्याला पंधरा मिनिटं आली. डान्सला चार मुली आधीच भांडत होत्या, नाटकाला वेळ नव्हता. मी म्हटलं, आकड्यांचा खेळ करू. बार्शी म्हणाली, 'करा. मी पडदा ओढीन.'

मी तिला मनवलं वगैरे नाही. मला खरंच तिची गरज होती. आकडे मराठीतून म्हणायचे तर मी एकटी काय करणार? मी 'नऊ हजार नऊशे...' म्हणून थांबणार आणि 'फिफ्टी फोर' म्हणून संपवणार! तेव्हा ठरलं असं की स्टेजवर बडबड मी करायची आणि फळ्यावर आकडे तिनं लिहायचे. माइक तिच्याकडे येणार नाही, हे तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मग खेळ कोणता, यावर आठवडा गेला. कार्डांचा खेळ मला शाळेपासून येतो. सहा कार्डं, त्यांवर ६३ पर्यंतच्या संख्या. तुमची संख्या कोणकोणत्या कार्डावर आहे तेवढं सांगा, त्या कार्डांवरचे पहिले आकडे मी मनात मिळवते. १, २, ४, ८, १६, ३२. झालं. बायनरी आहे, कॉम्प्युटरच्या पोरांना पहिल्या कार्डालाच कळतं. शिवाय एका वेळी एकच माणूस, बाकीचे जांभया देतात.

दुसरा खेळ नऊचा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिच्यातून तिच्या अंकांची बेरीज वजा करा, आलेल्या उत्तरातला एक अंक खोडा आणि उरलेल्यांची बेरीज मला सांगा. ४८२५ वजा १९ म्हणजे ४८०६. आठ खोडला तर उरले दहा. दहाच्या पुढची नवाच्या पाढ्यातली संख्या अठरा, अठरातून दहा गेले आठ, म्हणजे तुम्ही आठ खोडलात. खेळ झकास आहे. फक्त नऊ खोडला की शून्य हे ओळखता येत नाही, म्हणून शून्य खोडू नका असं आधी सांगावं लागतं. बार्शीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. 'आणि समोरच्यानं वजाबाकी चुकवली तर?'

तर मी चुकीचा अंक सांगणार आणि सगळे म्हणणार, तुझा खेळ चुकला. किंवा त्याचा कागद बघणार आणि त्याला हसणार. यातलं काहीतरी एक होणारच.

मला वाटतं, हा प्रश्न जादू करणारी माणसं फारसा विचारत नाहीत. आकड्यांच्या मनकवडेपणात सगळं काम प्रेक्षक करतो. जादूगार नुसता हात बांधून उभा असतो, घाम गाळतो तो समोरचा. बेरीज त्यानं करायची, हातचा त्यानं सांभाळायचा, आणि टाळ्या याला. चुकलं तर मात्र चूक त्याची!

शेवटी सापडले ते आपले कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण फर्ग्युसनमध्ये, आणि सगळी नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत, शाळामास्तर म्हणून. रिकाम्या वेळात आकड्यांशी खेळायचे. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि कापरेकर जगाला माहीत झाले. मला स्वतःला ते इंग्रजी पुस्तकातून माहीत झाले, हे वेगळं सांगायला नको. त्यात 'देवळाली'चं स्पेलिंग वाचून मला ते गाव कुठे कर्नाटकात वगैरे असेल असं वाटलं होतं!

कृती अशी. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात, आणि एकदा आले की हलत नाहीत, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

मेसच्या टेबलावर रात्री साडेदहाला मी तिला हे दाखवलं. तिनं एक संख्या घेतली, झाली. दुसरी घेतली, झाली. तिसऱ्या वेळी तिनं माझ्याकडे बघत बघत मुद्दाम एक हातचा सोडून दिला. आणि पुढे चालू ठेवलं. चार ओळींनंतर ६१७४.

ती थांबली. मग तिनं दोन वजाबाक्या चुकवल्या. ६१७४. मग अंक उतरत्या क्रमात लावताना एक खाल्ला आणि त्याच्या जागी भलताच घातला. ६१७४. मेसचे दिवे बंद करायला काका आले तेव्हा ती पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात बसून जगातली प्रत्येक प्रकारची चूक करत होती, आणि इतकी खूश मी तिला सबमिशन संपल्यावरही पाहिलेली नाही.

विचार केला तर हे सोपं आहे. चुकलात म्हणजे काय, तर एका चार अंकी संख्येऐवजी दुसरीच चार अंकी संख्या आली. पण खेळ तर 'कुठलीही चार अंकी संख्या' असाच आहे! म्हणजे तुम्ही चुकला नाहीत, नव्यानं सुरुवात केलीत. पायऱ्या वाढतील, मुक्काम तोच. चुकून चारही अंक सारखे आले तर मात्र खेळ खलास, कारण मग वजाबाकी शून्य. पण तसे आकडे दहा हजारांत दहाच.

मी खोलीत जाऊन दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि ९,९९० च्या ९,९९० संख्या तपासल्या. सातच्या वर एकही जात नाही. बार्शीला प्रोग्रॅम नको होता. तिनं कागदावरच काढलं: मोठ्यात मोठा अंक आणि लहानात लहान अंक यांतला फरक गुणिले ९९९, मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे वजाबाकीचं उत्तर. पहिला फरक एक ते नऊ, दुसरा त्याच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणजे सगळ्या मिळून फक्त ५४ शक्यता. दहा हजार रस्ते पहिल्याच पावलात ५४ वर येतात, आणि त्यातला प्रत्येक रस्ता हातानं तपासता येतो. तिनं तपासले. तिच्यात आणि माझ्यात हा फरक आहे.

आता बसवाबसवी. पहिली अडचण जन्मसालाची. चार अंकी संख्या म्हटलं की दहातले सहाजण जन्मसाल धरतात. आणि २००६ घेऊन बघा: ६२०० वजा २६ म्हणजे पहिल्याच पायरीला ६१७४! आमचं सेकंड इयर निम्मं २००६ चं. सगळे एकदम ओरडले असते आणि पंधरा मिनिटांचा खेळ दीड मिनिटात संपला असता. गंमत म्हणजे २००४ वाल्यांना दोन पायऱ्या लागतात आणि माझ्या २००५ ला पुऱ्या सात. तेव्हा नियम केला की जन्मसाल नको.

दुसरी अडचण कॅल्क्युलेटर. आमच्या पिढीला पाचातून तीनसुद्धा कॅसिओवर करायची सवय. पण कॅल्क्युलेटर पुढचं शून्य खातो. ०९९९ आले तर तो ९९९ दाखवतो, मग माणूस ९९९ मधून ९९९ वजा करून शून्यावर जाऊन बसतो. म्हणून मोबाइल आणि कॅल्क्युलेटर खाली, कागद-पेन्सिल वर, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत: शून्य पुसू नका.

भाकीत कुठे लिहायचं, ही युक्ती बार्शीची. पाकीट वगैरे तिला नकोच होतं. ती म्हणाली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवू. त्या दिवशी दुपारी तिनं आणि मेसच्या मावशींनी हॉलच्या दारात मोठी रांगोळी काढली. मधे कमळ, आणि चार पाकळ्यांवर नक्षीत बसवलेले देवनागरी ६, १, ७, ४. दोनशे माणसं चपला काढून तिला वळसा घालून आत गेली. रेक्टर मॅडमनी तर तिचा फोटोही काढला.

आमचा नंबर डान्सनंतर होता. मी बडबड सुरू केली. आज आम्ही तुमच्या मनातला आकडा ओळखणार नाही, तुमच्या सगळ्यांच्या मनात एकच आकडा आणणार आहोत, वगैरे वगैरे. पाठकोरे कागद वाटले. पहिल्या रांगेत स्टाफ, मग मुली, अगदी मागे मेसची आणि सफाईची मंडळी, आणि दारात वॉचमन काका. बार्शी फळ्याकडे तोंड करून, प्रेक्षकांकडे पाठ करून नमुना सोडवत होती. दोनशे माणसं एकदम वजाबाकी करताना कसा आवाज येतो, तुम्ही ऐकलाय? पुटपुटणं, पेन्सिलींची खरखर, 'ए, हातचा घेतलास का?' आणि मधेच एखादी 'अय्या!' तिसऱ्या पायरीपासून कुणाकुणाचं यायला लागलं. ज्यांचं आलं त्यांनी आकडा न सांगता हात वर करायचा, असं ठरलं होतं. चौथीला वीसेक हात, पाचवीला साठसत्तर, सहावीला हॉलचा बराचसा भाग. सातवी पायरी झाली आणि मी म्हटलं, आता सगळे एकदम, मोठ्यानं, एकेक अंक.

'सहा! एक! सात! चार!'

असा आवाज मेसच्या हॉलमध्ये फक्त गुलाबजाम संपल्यावर होतो. मी म्हणणार होते की आता दारातली रांगोळी बघून या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक हात वर आला. आमचे गणिताचे सर. 'माझं नाही आलं.'

हॉल गप्प. सरांनी कुठली संख्या घेतली असेल? अर्थातच १७२९! गणिताच्या माणसाला चार अंकी संख्या विचारली की तो रामानुजनच सांगणार. मला एवढं माहीत होतं की १७२९ ला पुऱ्या सात पायऱ्या लागतात, आठवी लागत नाही. म्हणजे कुठेतरी काहीतरी राहिलं होतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, 'चारशे चार.' आणि चारपाचजणी खुदकन हसल्या.

मी काही बोलायच्या आत माझ्या हातातला माइक गेला. बार्शी फळा सोडून स्टेजच्या कडेला आली होती. 'सर, आत्ता काय आलंय?'

'आठ-पाच-तीन-दोन.'

'मग चालू ठेवा सर. अजून एकदाच.'

सरांनी खाली बघून लिहिलं. ८५३२ वजा २३५८. वर बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, 'आलं की!' मग कागद उलटसुलट करून पुन्हा वरपासून वाचायला लागले आणि स्वतःच हसायला लागले. तिसऱ्या ओळीत ९९५४ मधून ४५९९ गेल्यावर ५३५५ यायला हवेत, तिथे त्यांनी ५४५५ लिहिले होते. 'हातचा राहिला,' ते तिथूनच म्हणाले, 'पण मग उत्तर कसं आलं? हे यायला नको!' आणि हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं ना, तो लेक्चरमधला आवाज नव्हता.

बार्शीनं त्यांना सांगितलं. माइकवरून, सगळ्या हॉलला. फळ्यावर ५४५५ लिहून पुढे सोडवून दाखवलं: ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. मग ९९९ आणि ९० चं, मग ५४ रस्त्यांचं. हे सगळं आमच्या आयटेममध्ये नव्हतं. पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती आणि फिशपाँडवाल्या विंगेत घड्याळं दाखवत होत्या. रांगोळीची आठवण मलाच करून द्यावी लागली. मग सगळे दाराकडे धावले आणि रांगोळी पुसली गेली ती गेलीच.

जादूगारानं युक्ती सांगायची नसते म्हणतात. आमच्यातही दोघीतिघी चिडल्या, एवढं सगळं कशाला फोडायचं म्हणून. पण त्याच रात्री दारातल्या वॉचमन काकांनी बार्शीला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, 'ताई, एक आकडा माझ्यापुरता सांगा की.' कोणता आकडा, ते तिला कळायला वेळ लागला. मला तर अजिबातच कळेना. मटका नावाची गोष्ट कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत. मग तिनं पायरीवर बसून काकांकडून चार वेळा वजाबाकी करून घेतली. काका जरा हिरमुसले. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची हातचलाखी उलगडून सांगतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये समिती काढली तेव्हापासूनची ही रीत आहे, आणि २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यावरही ती थांबलेली नाही. आमचा खेळ कुठे, ते काम कुठे. पण काकांचा चेहरा बघितल्यावर युक्ती राखून ठेवण्यात मला तरी काही मजा वाटली नाही.

सरांनी तो कागद त्यांच्या केबिनच्या काचेखाली ठेवलाय. चुकलेल्या ओळीला लाल पेननं गोल केलाय आणि स्वतःला दहापैकी आठ दिलेत. सेमिनारच्या यादीत बार्शीचं नाव पहिल्या दिवशी आहे. 'चारशे चार' अजूनही कुणी कुणी म्हणतं. परवा तिनं त्यावर मेसच्या रांगेतच गणित घातलं: ०४०४ घेऊन बघा, किती पायऱ्या लागतात? म्हणणारी अजून सोडवतेय.

आणखी एक राहिलं. हॉस्टेल डेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे होते. मावशींनी वाढता वाढता पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढून बार्शीच्या ताटाशेजारी ठेवला. आदल्या रात्री त्या अगदी मागे बसल्या होत्या, आणि सगळा हॉल 'सहा एक सात चार' ओरडत होता तेव्हा त्यांचं आलं नव्हतं. त्यांनी हात वर केला नव्हता. शाळा चौथीपर्यंत. संख्या घेतली होती गॅसच्या कार्डावरचे शेवटचे चार आकडे. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला, काही ओळी पेन्सिलीत, काही भांडी आवरल्यावर घेतलेल्या निळ्या पेनात. तळाशी ६१७४, आणि भोवती चौकट.

मी म्हटलं, 'मावशी, पण उत्तर तर तुम्हाला दुपारीच माहीत होतं. रांगोळी तुम्हीच काढलीत ना?'

'ते तुमचं,' मावशी म्हणाल्या. 'माझं यायला नको का?'

बार्शी पोहे बाजूला सारून ओळी मोजत होती. सतरा. चार ठिकाणी हातचा राहिला होता. ते तिनं मला नंतर खोलीत सांगितलं, तिथे नाही.

'आता आणखी केलं तर काय येईल गं?' मावशींनी विचारलं.

'आता हेच येत राहील, मावशी. कितीही करा.'

'मग बरंय,' त्या म्हणाल्या, कागद उचलून पुन्हा पदराला बांधला, आणि डाव घेऊन पुढच्या ताटाकडे गेल्या.